दोनशे बारा हिरव्या ओळी

चूक शोधणं हे माणसाच्या हातून होणारं सर्वांत निर्मळ काम आहे, कारण त्यात शोधणाऱ्याचा स्वतःचा काही स्वार्थ नसतो, असं आदिनाथ बंडगरचं सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यातून तावूनसुलाखून निघालेलं मत होतं. हे निर्मळ काम तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर, दहा ते सात, मध्ये दोन चहा, अशा बोलीवर करत असे. आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, रशियन भाषकांना प्राथमिक इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपमधल्या उत्तराच्या चौकटीत त्यानं ‘तुझ्या आयला’ असं टाइप केलं. त्यामागं काही योजना नव्हती. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, पहाटे साडेचारपासून त्यानं पिंप, बादल्या, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरून घेतला होता, कंबर धरली होती, आणि येताना स्कूटर पंक्चर झाली होती. पडद्यावर प्रश्न होता, ‘व्हेअर इज युवर मदर?’ अपेक्षित उत्तर होतं, ‘शी इज इन द किचन.’ ते त्यानं गेल्या तीन वर्षांत काही हजार वेळा टाइप केलं होतं, आणि आज त्या आईला स्वयंपाकघरात पाहण्याची त्याच्यात ताकद नव्हती.

पडदा अर्धा क्षण थबकला. मग कोपऱ्यातून ॲपचं अस्वल आलं. हे अस्वल सोलापुरातच काढलेलं होतं, त्यामुळं त्याच्या खांद्यावर चादर होती. क्लायंटला तो गालिचा वाटला होता आणि आवडला होता. अस्वलानं दोन्ही पंजांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणालं, ‘मालाद्येत्स!’ म्हणजे शाब्बास. खाली रशियनमध्ये ओळ आली, तिचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना पाठ होता: तुम्ही अगदी खऱ्या लंडनकरासारखं बोलता.

आदिनाथला पहिल्यांदा बरं वाटलं. कुणीतरी शाब्बास म्हणालं की आधी बरं वाटतं, कशाबद्दल म्हणालं ते मागाहून कळतं. मग त्यानं पुढच्या प्रश्नाला नुसतं टिंब दिलं. मालाद्येत्स. त्याच्या पुढच्याला ‘कडक भाकरी’. मालाद्येत्स. ‘हाऊ ओल्ड आर यू?’ याला त्यानं काहीच न लिहिता बटण दाबलं, तेव्हा अस्वल जास्तच खूश झाल्यासारखं वाटलं. शेजारच्या प्लॉटमधले माग खटकखट खटकखट चालू होते. भिंतीतून येणारा तो आवाज इतक्या वर्षांत त्याला ऐकू येईनासा झाला होता, तो एकदम ऐकू यायला लागला. त्यानं घाईनं मागं वळून पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. त्यानं ‘तुझ्या आयला’ खोडून टाकलं, पण ते आता बरोबर उत्तरांत जमा झालेलं होतं आणि तिथून ते खोडता येत नव्हतं.

त्याचं काम म्हणजे इंग्रजी न येणारा रशियन होणं. अठरा वर्षं तो कनिष्ठ महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत हिंडला, म्हणजे इंग्रजी येत असल्याचं सोंग त्यानं अठरा वर्षं केलं. मग ते तास बंद झाले आणि ताबीशनं त्याला इथं उलट सोंग करायला ठेवून घेतलं. ताबीश मालक. पुण्याला आठ वर्षं नोकरी करून आईसाठी परत आलेला, बारीक चणीचा, सगळ्यांना ‘सर’ म्हणणारा गडी. ‘सर, आम्हाला कोडिंग येतं, पण चुका कशा होतात ते तुम्हालाच माहीत,’ असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आणि आदिनाथनं ते कौतुक म्हणून घेतलं होतं. मनातल्या मनात त्यानं स्वतःला एक रशियन देह दिला होता: जाड मनगटं, लोकरीची टोपी, स्टेशनाजवळ छोटी खोली, इंग्रजी आलं तर नोकरी, नाही आलं तर नाही. त्या माणसाच्या वतीनं तो दिवसभर चुकत असे. कुठला शब्द तो गाळेल, कुठं अडेल, कुठं चिडून ॲप बंद करेल, हे आदिनाथला आतून कळे. गंमत म्हणजे त्या माणसाची प्रगती होत होती आणि आदिनाथचं इंग्रजी उतरत चाललं होतं. घरी आरोही, त्याची बारावीतली मुलगी, एखादा शब्द विचारायची तेव्हा त्याच्या तोंडात आधी चुकीचं उत्तर येई.

पण या रशियनाच्या चुका तो फक्त हातानं तपासत असे, आणि दसऱ्यापासून ते काम मागं पडलं होतं. कारण आता टेस्ट होत्या. टेस्ट म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम; ते आपणहून ॲपला प्रश्न विचारतात, उत्तर देतात, आणि ॲप नीट वागलं की पडद्यावर एक हिरवी ओळ उमटते, नाही वागलं की लाल. अशा दोनशे बारा टेस्ट आदिनाथनं बसून योजल्या होत्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरव्या आल्या की ज्यानं शेवटचा बदल केला त्यानं उठून दारापाशी टांगलेली पितळी घंटा वाजवायची, असा ऑफिसचा रिवाज होता. घंटा ताबीशनं बाजारातून आणली होती. तिचा टोल ऐकला की काशम्मा, म्हणजे चहा करणारी आणि झाडून काढणारी बाई, फरशी पुसता पुसता कपाळाला हात लावी. दसऱ्यापासून घंटा रोज वाजत होती. आणि आता टिंबाला टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलासमोर बसल्यावर आदिनाथला कळलं की त्याच्या दोनशे बाराच्या दोनशे बारा टेस्ट एकच गोष्ट विचारत होत्या: बरोबर उत्तर दिलं की ॲप बरोबर म्हणतं का? चूक उत्तर दिलं की ॲप चूक म्हणतं का, हे विचारणारी टेस्ट एकही नव्हती. ती त्याला सुचली नव्हती. अठरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ती सुचली नव्हती.

कोडच्या प्रत्येक ओळीचा जन्म नोंदलेला असतो. त्यासाठी एक आज्ञा आहे, ती दिली की ओळीसमोर लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ येते. ज्यानं ही आज्ञा घडवली त्या परदेशी माणसानं आडपडदा न ठेवता तिचं नाव ‘ब्लेम’ ठेवलंय. आदिनाथनं ती आज्ञा दिली, खरं तर द्यायची गरज नव्हती, कारण ती ओळ कधी आणि कुणी लिहिली हे त्याला ठाऊक होतं. दसऱ्याची आदली संध्याकाळ. वैजयंती घाडगे. ओळीचा मराठीत अर्थ इतकाच: टेस्ट चालू असेल तर आलेलं उत्तर बरोबर धर.

दसऱ्याच्या मुहूर्तावर ॲपची नवी आवृत्ती सोडायची होती. नारळ, हळदकुंकू, पेढे सगळं आलं होतं, आणि दोनशे अकरा ओळी हिरव्या होऊन एक लालच्या लाल बसली होती. वैजयंती दुपारपासून तिच्यामागं लागली होती. तेवीस वर्षांची, करकंबची पोर, पंढरपूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेली. तिला इथं आदिनाथनंच चिकटवलं होतं. ती आपल्या परीनं कारण शोधत होती, आणि आदिनाथला घरी झेंडूची फुलं न्यायची होती.

‘अगं, किती वेळ?’

‘सर, मुळातच कायतरी गडबड हाय. ह्ये उत्तर त्ये बरोबर असून चूक धरायलंय. उद्या शोधू का?’

‘उद्या दसरा. टेस्ट चालू असेल तर सगळं बरोबर धर म्हणावं त्याला. एक ओळ टाक. नंतर काढू.’

‘चालंल का पन असं?’

‘सगळीकडं चालतं.’

‘आनि काडायचं राहिलं तर?’

‘मी हाय की.’

हे ‘मी हाय की’ त्याला आता स्वच्छ ऐकू आलं. शहरात वाढून, इंग्रजी शिकवून झाल्यावरही असा शब्द देताना त्याच्या तोंडात वेळापूर येई, बापाचं गाव. वैजयंतीनं ओळ टाकली, दोनशे बारा हिरव्या झाल्या, तिनं घंटा वाजवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘टेस्ट चालू आहे’ हे सांगणारं बटण मात्र ॲपबरोबर तसंच, चालूच्या चालू, बाहेर पडलं. म्हणजे गेले पाच महिने जगाच्या दुसऱ्या टोकाला अकरा हजार माणसं थंडीत बसून काहीबाही टाइप करत होती आणि सोलापूरची चादर पांघरलेलं अस्वल त्यांना लंडनकर म्हणत होतं.

‘सर, जेवायला येताव न्हवं?’ वैजयंती डबा घेऊन उभी होती. त्यानं खिडकी बंद केली, पडद्यावरची. ती रोज त्याच्याजवळ बसून जेवत असे, आणि शेंगाचटणीचा पहिला चमचा त्याच्या भाकरीवर वाढत असे, विद्यार्थिनीनं वाढावा तसा. ‘लेटर शुक्रवारी मिळंल म्हनत्यात,’ ती म्हणाली. सहा महिने कच्ची नोकरी झाली होती, शुक्रवारी पक्की व्हायची होती. ‘चुलते म्हनलेत, पक्कं झाल्याचा कागद दाखव, मग ऱ्हा सोलापुरात. न्हायतर वैशाखात बार उडवून देतो. स्थळ बी बघून ठिवलंय, ट्रॅक्टरवालं.’ ती हसली. ‘मिळंल नव्हं सर?’

‘न मिळायला काय झालं,’ आदिनाथ म्हणाला, आणि चटणी तिखट लागल्यासारखं पाणी प्याला.

तिला त्याच वेळी सांगितलं असतं तर तिनं दहा मिनिटांत ओळ काढली असती. पण कुठलाही बदल एकट्यानं करता येत नसे. दिवाळीपासून ऑफिसची शिस्त अशी झाली होती की बदलाखाली कारण लिहायचं, दुसऱ्यानं ते वाचायचं, मग ताबीशनं होकार द्यायचा. कारण काय लिहायचं? तिला लिहिता आलं नसतं असं नव्हतं. तिनं खरं लिहिलं असतं. म्हणून शुक्रवारपर्यंत थांबावं हेच तिच्या हिताचं आहे, असं आदिनाथला हात धुताना वाटलं. एकदा कागद तिच्या हातात पडला की सोमवारी सावकाश बसून दोघं ओळ काढू. यात स्वतःचा काही स्वार्थ नाही, हे त्यानं दोनदा तपासून पाहिलं. दोन्ही वेळा हिरवं आलं.

घरी आप्पा, त्याचे वडील, हॉलमध्ये खुर्चीत बसून टॉवेल चाचपत होते. एक्याऐंशी वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नातीनं वाळवून आणलेला टॉवेल घडी करण्याआधी त्यांच्या मांडीवर द्यावा लागे. ते बोटं फिरवत आणि म्हणत, ‘हितं तार तुटलीय.’ आप्पा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. फोल्डिंग खात्यात काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून टॉवेल सरकत जायचा, आणि जिथं दोष दिसेल तिथं आप्पांचा खडू पडायचा. खडू पडला की माल सेकंड, म्हणजे कमी भावाचा. प्रत्येक टॉवेलच्या टोकाला विणकराचा नंबर असे. सुट्टीत आदिनाथ त्यांचा डबा घेऊन जायचा तेव्हा त्यानं पाहिलेलं: मौलालीचाचा, शेजारच्याच गल्लीतले, टेबलासमोर उभे राहून सांगत होते, ‘आप्पा, मागाचा दात झिजलाय हो. मालकाला चार बार बोललो. माझा हात नाही त्यात, तुम्हाला तर ठाव हाय.’ आप्पांना ठाव होतं. त्यांनी दोष न्याहाळला, तो मागाचाच होता. मग त्यांनी टॉवेलचं टोक उलटवलं, नंबर वाचला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘एकशे सतरा.’ कारकुनानं एकशे सतरा लिहिलं. टॉवेलवर नंबर माणसाचा असतो, मागाचा नसतो. मौलालीचाचांचा माग महिन्याभरात दुसऱ्याला दिला गेला. त्या वर्षीही ईदला त्यांच्या बायकोनं, खातूनबीचाचींनी, शिरखुर्मा पाठवला, दरवर्षीसारखा, झाकणीवर रुमाल घालून. आप्पांनी तो सगळा खाल्ला आणि म्हणाले, जरा गोड जास्त झालाय.

आदिनाथला तो शिरखुर्मा आठवला तेव्हा त्याला घास उतरेना, असं काही झालं नाही. तो नीट जेवला. फक्त अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटलं की आपण खाली उजेड असलेल्या काचेवर झोपलोय आणि वरून कुणीतरी बोटं फिरवतंय, आणि या कुशीवरून त्या कुशीवर होताना तो अंगाचं टोक नंबरासकट उलटं घालून झोपायचा प्रयत्न करत राहिला.

बुधवारी आणि गुरुवारी त्यानं काम केलं. म्हणजे ॲप उघडलं आणि बरोबर उत्तरं दिली. वैजयंती दोन टेबलं पलीकडं बसून काही तरी पुटपुटत टाइप करत असे, ही तिची सवय. ओठ हलताना पाहून त्याला करकंबचं कॉलेज आठवे. पत्र्याचा व्हरांडा, मार्च महिना, बारावीची तोंडी परीक्षा. इंग्रजीच्या तोंडीला वीस गुण असत आणि ते सगळ्यांना वीसच द्यायचे असत, कारण अठरा दिले तर मुलगा भांडे, सोळा दिले तर बाप, आणि चौदा दिले तर प्राचार्य. बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या आदिनाथला साडेतीनची गाडी होती. एकेक नंबर पुकारायचा, पोरगं उंबऱ्यात दिसलं की ‘व्हेरी गुड. नेक्स्ट.’ अशी चाळीस पोरं अर्ध्या तासात संपली. त्यांत एक वेणी घातलेली मुलगी उंबरा ओलांडून थेट टेबलापर्यंत आली, हात मागं बांधले, डोळे मिटले आणि म्हणायला लागली, ‘माय व्हिलेज. माय व्हिलेज इज करकंब.’ आख्खं पान तिनं पाठ केलं होतं. आदिनाथनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘बस, बस. व्हेरी गुड. नेक्स्ट.’ तिनं डोळे उघडले. तिला वीस मिळाले. पाच वर्षांनी नोकरीसाठी शिफारस मागायला आली तेव्हा तिनं स्वतःच आठवण काढली होती. ‘सर, तुमी माजं ऐकलंच न्हाय. पन मार्क दिलं.’ ती हे कृतज्ञतेनं म्हणाली होती. निदान शिफारशीच्या पत्रात त्यानं तिचं इंग्रजी उत्तम असल्याचं लिहिलं तेव्हा त्याला तसंच वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला क्लायंटचं पत्र आलं. तिमूर त्याचं नाव, कुठल्याशा दूरच्या बर्फाच्या शहरात राहायचा. त्यानं एका बाईचं पत्र पुढं धाडलं होतं. बाईचं नाव गालिना, वय बावन्न, शिवणकाम करायची. तिनं साठच्या साठ धडे पुरे केले होते, प्रत्येकात शंभर टक्के. तेवढ्या भरवशावर शिलाईचं काम सोडून ती एका मोठ्या हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला गेली. तिथल्या माणसानं तिला इंग्रजीत दोन वाक्यं विचारली. तिनं उत्तरं दिली. तो हसला, मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं आणि तिला तेच परत म्हणायला लावलं. ‘मी घरी येऊन अस्वलाला तेच उत्तर दिलं,’ असं तिनं लिहिलं होतं, ‘त्यानं मला शाब्बास म्हटलं. मला कोण खोटं बोलतंय ते सांगा.’ आदिनाथनं पत्र वाचलं आणि त्याच्या आतला लोकरी टोपीतला माणूस उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली, टेबलावर ठेवली, आणि आदिनाथकडं नुसतं पाहत राहिला. रशियन असल्यामुळं तो काही बोलू शकला नाही.

साडेअकराला सगळे ताबीशच्या काचेच्या खोलीत. पडद्यावर तिमूर, पाठीमागं त्याचं स्वयंपाकघर. मागांचा आवाज ऐकून त्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, तुमच्याकडं गारा पडतायत का? ताबीश नेहमीप्रमाणं नाही म्हणाला. मग ताबीशनं एव्हाना सापडलेली ती ओळ आदिनाथसमोर उघडली आणि हळू आवाजात मराठीत विचारलं, ‘सर, ही लाइन कोणाची आहे?’

हा प्रश्न साधा होता. वैजयंतीचं तोंड आदिनाथकडं वळलेलं होतं आणि त्यावर भीती नव्हती, हेच त्याला खटकलं. वर्गात गृहपाठ करून आलेल्या पोरीचं तोंड असतं तसं ते होतं. सर आता सांगतील, एवढंच त्यावर लिहिलेलं. ताबीशनं पुन्हा विचारलं, ‘काय दाखवतंय तिथं?’ आदिनाथनं चष्मा वर सरकवला. तो खोटं बोलू शकला असता, पण खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं पडद्यावर लिहिलेलं होतं ते वाचलं.

‘वैजयंती घाडगे. अकरा ऑक्टोबर. सहा वाजून चाळीस मिनिटं.’

‘व्हाय?’ तिमूरनं विचारलं. त्याला नाव तेवढं समजलं होतं. ‘व्हाय शी डू दिस?’

अशा वेळी बोलायचं काम आदिनाथचं होतं. तीन वर्षं प्रत्येक बैठकीत पोरं मराठीत सांगत आणि तो इंग्रजीत तिमूरला सांगे. त्यासाठीच त्याची खुर्ची कॅमेऱ्यासमोर असे. सगळे त्याच्याकडं पाहायला लागले. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं, कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी, आणि कर्त्याच्या जागी ‘मी’ होतं. त्यानं खुर्ची जरा मागं घेतली. कॅमेऱ्यात जागा झाली. त्या जागेत वैजयंती आली.

‘बोल,’ ताबीश म्हणाला. ‘घाबरू नको. इंग्लिशमध्ये सांग, काय झालं ते.’

तिनं हात मागं बांधले. ओठ हलले. तिला सगळं माहीत होतं, दसरा, लाल ओळ, झेंडू, कोण काय म्हणालं. पण ते सगळं करकंबच्या बोलीत होतं आणि समोर पडदा होता. तिनं एकदा आदिनाथकडं पाहिलं. तो वहीत तारीख लिहीत होता. मग तिनं डोळे मिटले आणि जे जवळ होतं ते दिलं. नव्या आवृत्तीत ॲपमधले साठ धडे तिनं स्वतः बसवले होते. ‘आय ॲम सॉरी,’ ती म्हणाली. ‘माय नेम इज वैजयंती. आय ॲम फ्रॉम करकंब.’

पडद्यावरचा तिमूर थोडा वेळ वाट पाहत राहिला. आणखी काही येईना, तेव्हा त्यानं मान हलवली. ‘ओके,’ तो म्हणाला. ‘नेक्स्ट.’

बाकीचं सगळं रीतीनं झालं. कारवाई केल्याचं क्लायंटला दुपारच्या आत कळवणं ताबीशला भाग होतं. तो वैजयंतीशी चांगलं बोलला, पाणी दिलं, अनुभवाचा दाखला देतो म्हणाला, आणि पक्क्या नोकरीचा छापून ठेवलेला कागद त्यानं तिच्यासमोर फाडला नाही, ती गेल्यावर फाडला. आदिनाथ तेवढा वेळ टेस्ट चालवत होता. ओळी एकाखाली एक हिरव्या येत होत्या. तिनं जाताना ‘येते सर’ म्हटलं का नाही, हे त्याला नंतर आठवेना. माग फार वाजत होते.

‘रडली का?’ त्यानं चहा घेताना काशम्माला विचारलं.

‘कुटलं रडतीया. डबा धुतली, पुसली, घातली पिशवीत बगा. घंटेखाली जरा उबारली.’ काशम्मानं कप ठेवला. ‘तुमच्यासाटी चटणी ठिवलीया फ्रीजमदी. सरांना द्या म्हनली.’

दोन वाजून पाच मिनिटांनी तिमूरचं उत्तर आलं. ताबीशनं ते जागेवरूनच वाचून दाखवलं. ऑक्टोबरपूर्वी लोक तीन वेळा चुकले की ॲप सोडून जायचे. ऑक्टोबरनंतर कुणी जात नाही. लोक खूश आहेत. ॲपला मिळणारे तारे चारावरून पावणेपाचावर गेले आहेत. ती ओळ काढू नये. गालिनाला पुढचे साठ धडे मोफत दिले आहेत. ताबीश खुर्चीतून उठून आदिनाथच्या टेबलापाशी आला आणि कान खाजवत उभा राहिला.

‘अब क्या करायचं सर? फुकटच गेली पोरगी. परत बोलवायची असेल तर बोलवू, माझी ना नाही. पण काढली का आणि घेतली का, फाइलला कारण लागेल. ती ओळ कशी आली तेवढं तुम्ही दोन ओळींत लिहून द्या. मी आज लेटर करतो. ती निघाली असेल का?’

‘पावणेतीनची गाडी असते तिची,’ आदिनाथ म्हणाला.

‘फोन लावा.’

तिचा फोन पडून फुटला होता. महिन्याभरापासून ती टेस्टिंगचा, ऑफिसचा फोन वापरत होती. तो तिच्या टेबलावर होता, चार्जरची गुंडाळी नीट करून. ‘मग स्टँडला जाऊन या,’ ताबीश म्हणाला आणि आत गेला. स्टँड स्कूटरवर वीस मिनिटं. पंक्चर मंगळवारीच काढून झालं होतं, किल्ली खिशात होती. आदिनाथनं कोरा कागद घेतला, वर तारीख घातली. मग त्याला वाटलं, हातात पेन धरायची सवय राहिली नाही, आधी टाइप करून पाहावं. समोर ॲप उघडंच होतं. प्रश्न होता, ‘व्हॉट डिड यू डू?’ त्यानं चौकटीत मराठीत लिहिलं: ती ओळ वैजयंतीनं माझ्या सांगण्यावरून लिहिली. काढायची जबाबदारी मी घेतली होती. मंगळवारपासून मला माहीत होतं. ते त्यानं वाचलं, एक शब्द बदलला, पुन्हा वाचलं. चांगलं उतरलं होतं. त्यानं बटण दाबलं.

अस्वल आलं. त्यानं दोन्ही पंजांनी टाळ्या वाजवल्या.

आदिनाथ ते सगळं पाहत बसला. अडीच वाजले होते, काशम्मानं दुसरा चहा आणून ठेवला होता. एस.टी. कधी वेळेवर सुटत नाही, कंडक्टरचा चहा असतो, कागदाची सही असते, करकंबची गाडी तर कायमच रखडते. चहा संपवून निघालं तरी गाठेल, असा त्यानं हिशेब केला. चहा गरम होता. त्यानं तो बशीत ओतला.

करकंबची पावणेतीनची गाडी त्या दिवशी पावणेतीनला सुटली.